संथ थरार, चोरटं प्रेम: पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी

अशी पहिली कादंबरी मी नव्वदाव्या पानावर टाकून दिली होती. पाचशे पानांचं इंग्रजी पुस्तक, मागच्या कव्हरावर ‘थरारक’ असं ठसठशीत छापलेलं. आणि नव्वद पानांत झालं काय? एक माणूस बंदरावर उतरला, त्याने भाड्याने खोली घेतली आणि शेजारच्या भाडेकरूबरोबर तीनदा चहा प्यायला. खून नाही, पाठलाग नाही. मी वैतागून मधली पानं भराभरा उलटली, शेवटी खुनी कोण ते पाहिलं आणि पुस्तक कपाटावर फेकलं. दोन वर्षांनी एका मैत्रिणीने हट्टाने तेच पुन्हा वाचायला लावलं तेव्हा कळलं, की खुनी मला सापडला होता, पण खून का झाला ते त्या तीन चहांतच लिहिलेलं होतं.

आता धुळ्यात आम्ही पाच जण महिन्यातून एका रविवारी गच्चीवर जमतो आणि बहुतेक याच जातीची पुस्तकं वाचतो: जुन्या काळात घडणारी, हळूहळू तापणारी थरारकथा, आणि तिच्या पोटात दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं प्रेम. नवा माणूस आला की तो तिसऱ्या आठवड्यात हमखास म्हणतो, ‘यात काही घडतच नाहीये.’ हा लेख त्याच्यासाठी.

‘स्लो बर्न’ म्हणजे काय ते शेतातल्या दाल-बट्टीच्या पार्टीला गेलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गोवऱ्या पेटवल्या की ज्वाळा उठतात, पण तेव्हा कुणी बट्टी आत टाकत नाही. ज्वाळा बसून आर, म्हणजे निखारे, होईपर्यंत माणसं गप्पा मारत बसतात. उतावीळ पोरगं एखादी बट्टी आधीच लोटतं, ती वरून कोळसा आणि आतून कच्ची निघते. मी शेवटचं पान आधी वाचलं तेव्हा माझं तेच झालं.

१. पुस्तक निवडताना

पहिलंच पुस्तक सातशे पानांचं घेऊ नका. तीनशे-साडेतीनशे पुरे. इंग्रजीतून वाचणार असाल तर विकत घेण्याआधी नमुन्याची पानं मोबाइलवर वाचून बघा. पानामागे पाच-सहा शब्द अडत असतील तर हरकत नाही, वीस अडत असतील तर ते पुस्तक वर्षभराने घ्या. जुन्या काळातल्या कपड्यांची, बग्ग्यांची, चर्चच्या हुद्द्यांची नावं अडली तर अडू द्या. प्रत्येक शब्दाला कोश उघडलात तर आर विझेल.

मागच्या कव्हरावरचा मजकूर वाचा, पण परीक्षणं वाचू नका. या प्रकारात मधोमध एक उलथापालथ असते आणि परीक्षण लिहिणाऱ्यांना ती पोटात ठेवता येत नाही. एक अपवाद करा. पुस्तकात जबरदस्ती, वेड्यांच्या इस्पितळातला छळ किंवा आत्महत्या आहे का, एवढं आधी कुणा वाचलेल्याला विचारून घ्या. याने रहस्य फुटत नाही, आणि काही वाचकांना ही तयारी लागते.

२. साल आणि त्या सालचा कायदा

नवे वाचक हे काम टाळतात, आणि मी याच्यावरच सगळ्यात जास्त वाद घालते. कादंबरी कुठल्या देशात, कुठल्या साली घडते ते बघा. त्या साली तिथे हे प्रेम गुन्हा होता का, शिक्षा काय होती, हे शोधा आणि पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते केलं नाही तर पात्रं कशाला घाबरतात तेच कळत नाही, आणि भीती कळली नाही तर थरार कुठून येणार?

इंग्लंडचं उदाहरण घ्या, कारण निम्मी पुस्तकं तिथेच घडतात. पुरुषांमधल्या संबंधांना १८६१ पर्यंत तिथे कायद्यात फाशी होती. तशी शेवटची फाशी १८३५ साली झाली. १८८५ साली कायद्यात एक कलम घुसवलं गेलं, ते इतकं मोघम होतं की बंद दाराआडचं काहीही त्यात बसवता येई. लोक त्याला ‘ब्लॅकमेलरांची सनद’ म्हणू लागले. लेखक ऑस्कर वाइल्डला १८९५ साली दोन वर्षं सक्तमजुरी झाली ती याच कलमाखाली. म्हणून १८९० च्या लंडनमध्ये घडणाऱ्या गोष्टीत कुणी साधं पत्र लिहायला बसलं तरी जाणत्या वाचकाचे कान टवकारतात. १९६७ साली हे बंधन सैल झालं, तेही एकवीस वर्षांवरच्या पुरुषांना आणि खाजगीतच.

बायकांची तऱ्हा वेगळी. इंग्लंडमध्ये दोन बायकांचं प्रेम कधीच गुन्हा नव्हता. १९२१ साली तसा कायदा करायचा प्रयत्न झाला, तो सरदारांच्या सभागृहाने फेटाळला. तिथल्या काही मान्यवरांचं म्हणणं असं, की कायदा केला तर ज्या बायकांना हे ठाऊकच नाही त्यांनाही कळेल! मग बायकांच्या कादंबरीत धोका कुठून येतो? पैशातून आणि लग्नातून. १८८२ च्या कायद्याआधी लग्न झालं की बायकोची मालमत्ता बहुतेक नवऱ्याच्या हातात जाई. आणि दोन डॉक्टरांचे दाखले मिळवले की बाईला वेडी ठरवून खाजगी इस्पितळात डांबता येई. तेव्हा पुरुषांच्या गोष्टीत पोलीस शोधा, बायकांच्या गोष्टीत वकील आणि डॉक्टर.

सरहद्दी ओलांडल्या की सगळं बदलतं. फ्रान्सने हा गुन्हा १७९१ सालीच काढून टाकला होता. जर्मनीत पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं कलम १७५ होतं, १८७१ पासून थेट १९९४ पर्यंत, आणि नाझींनी ते १९३५ साली आणखी कडक केलं. म्हणजे १९३० चं बर्लिन आणि १९३६ चं बर्लिन एक धरून चालणार नाही. अमेरिकेतली हेरकथा १९५३ नंतरची असेल तर त्या साली निघालेला राष्ट्राध्यक्षांचा हुकूम लक्षात ठेवा: असल्या संशयावरून सरकारी नोकरी जाऊ शकत होती.

आणि आपल्याकडे? भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तिच्यातलंच. म्हणजे १८५७ च्या गोष्टीत कुणी ३७७ चा धाक घालत असेल तर लेखक झोपला होता असं समजा. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीने होणारे संबंध त्यातून वगळले, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी शेवटी दार उघडलं. २०११ ची दिल्ली आणि २०१४ ची दिल्ली यांत प्रेमिकांची छाती वेगवेगळी धडधडते, हे यातूनच.

याला जोडूनच एक छोटी गोष्ट. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दच १८६९ साली पहिल्यांदा छापला गेला. त्याआधीचं पात्र स्वतःला काय म्हणत असेल? बहुधा काहीच नाही. त्याला गे, क्वीअर असे आजचे शब्द चिकटवायची घाई करू नका. बोलताना आपण ते वापरू, पण पात्राच्या तोंडी नसलेला शब्द त्याच्या डोक्यात घालू नये.

३. वही करा

इथून पुढे नुसतं बोलून भागणार नाही, उदाहरण लागेल. मी एक कादंबरी रचते. ती कुणी लिहिलेली नाही, शोधू नका. पण तिच्याखालचा इतिहास खरा आहे.

साल १९४४, गाव धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश. १४ एप्रिलला चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, ही नोंद इतिहासात आहे. आता कल्पनेतली माणसं: ट्रेझरीतला एक तरुण कारकून आणि दवाखान्यातला कंपाउंडर, जो भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोचवतो. कादंबरीचा प्रश्न: खजिना कधी निघणार ही बातमी कुणी फोडली?

वहीत चार रकाने पुरतात. पहिला, कोणाला काय ठाऊक आहे. दुसरा, कागद: पत्रं, चिठ्ठ्या, पावत्या, कोणी लिहिल्या आणि आता कुणाकडे आहेत. तिसरा, वेळ. चौथा, डाग. चौथ्याला आमच्या गटात हसतात, पण मी तो सोडत नाही. डाग म्हणजे अंगावरची, कपड्यावरची, वासाची कुठलीही खूण. कंपाउंडरच्या बोटांवर टिंक्चर आयोडीनचा पिवळट-तपकिरी डाग आहे, हे विसाव्या पानावर आलं. लिहून ठेवा. ऐंशीव्या पानावर कारकुनाची बायको सदरा धुताना कॉलरला लागलेला तसलाच डाग घासते आणि लेखक पुढे निघून जातो. वही असेल तरच तुम्ही थांबाल. तो डाग प्रेमाचा पुरावा आहे, आणि उद्या फौजदाराच्या हाती लागला तर तोच कटाचाही. या जातीची कादंबरी मला आवडते ती याच्यासाठी. प्रेम आणि रहस्य असे दोन धागे इथे नसतातच. जो इतर सगळ्यांपासून लपतो तो आपल्या माणसापाशीच उघडा पडतो, आणि पाळत ठेवणारा नेमकं तिथेच बघत असतो. ‘प्रेमाची पानं गाळली तरी चालतील’ किंवा ‘खुनाचं मला काही पडलेलं नाही’ असं म्हणणारे दोघंही अर्धंच पुस्तक वाचतात.

वेळेच्या रकान्याचा एक नमुना देते. कंपाउंडर जबाबात सांगतो, ‘आम्ही सात वाजता अंधारात भेटलो.’ एप्रिल महिना. आपल्याकडे तेव्हा सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. पण युद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशभरातली सरकारी घड्याळं तासभर पुढे केलेली होती. म्हणजे ट्रेझरीच्या घड्याळात आठ वाजत आले तरी उजेड. मग सातला अंधार कुठला? गावात जुनाच टाइम चालत असेल असं म्हणाल, तरीही सातला फार तर संधिप्रकाश. कुणीतरी खोटं बोलतंय, किंवा त्या दोघांना आठवणीत अंधार हवा होता. असल्या ठिकाणी पेन्सिल थांबली पाहिजे.

लेखकाच्या चुकाही याच वहीत सापडतात. १९४४ च्या पात्राने ‘जळगाव जिल्हा’ म्हटलं तर चूक, तेव्हा तो पूर्व खानदेश होता. नवे पैसे मोजले तर चूक. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ची, त्याआधी रुपयाचे सोळा आणे. आपल्या भागात घडणारं काही वाचत असाल तर खानदेशचं १८८० चं गॅझेटियर जवळ ठेवा, ते इंटरनेटवर फुकट मिळतं: रस्ते, बाजार, पिकं, पूर, सगळं त्यात आहे. धुळ्यात राहणाऱ्यांना जुनी कागदपत्रं सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळ तर चालत जाण्याच्या अंतरावर. मात्र या शोधात इतके रमू नका की कादंबरी बाजूलाच राहील. आमच्यातला एक जण असाच तापी खोऱ्यातल्या रेल्वेच्या मागे लागला, तो दोन महिने परतला नाही.

४. पहिली शंभर पानं

रोज पंचवीस पानं, जास्त नाही. जेवणाची, कपड्यांची, धुळीची वर्णनं गाळायची नाहीत. संथ कादंबरीत लेखक पुरावे फर्निचरसारखे मांडून ठेवतो, म्हणून ते दिसत नाहीत. मोठ्याने वाचलं तर जास्त दिसतात.

५. प्रेम कुठे लिहिलेलं असतं

नव्या वाचकाला वाटतं, प्रेम म्हणजे चुंबन येईल तेव्हा कळेल. असल्या पुस्तकात चुंबन दोनशे सत्तराव्या पानावर येतं, कधी येतच नाही. प्रेम त्याआधी कधीच सुरू झालेलं असतं, फक्त ते नेहमीच्या जागी लिहिलेलं नसतं.

पहिली जागा: हाक. इंग्रजीत अहो-जाहो आणि अरे-तुरे यांना एकच शब्द, त्यामुळे आपण बेसावध राहतो. तिथे नावांकडे लक्ष ठेवा. जुन्या इंग्लंडात पुरुष एकमेकांना आधी मिस्टर लावून, मग ओळख वाढली की नुसत्या आडनावाने हाक मारत. पहिलं नाव घरच्यांसाठी. शंभर पानं आडनावाने बोलणारा माणूस एकदम पहिलं नाव उच्चारतो, तेव्हा समजा की दार लावून घेतलं गेलं. मराठीत हे आणखी बारीक होतं. माझ्या काल्पनिक कादंबरीतला कारकून पुण्याकडचा, शुद्ध मराठीत ‘आपण’, ‘तुम्ही’ करणारा. कंपाउंडर शिंदखेड्याकडचा, खानदेशची बोली अहिराणी बोलणारा. दोनशे पानं कारकून त्याला मराठीतूनच उत्तर देतो. आणि एका संध्याकाळी, दवाखाना बंद होताना, चाचरत म्हणतो, ‘कसा शे रे?’ म्हणजे, कसा आहेस रे? माझ्या लेखी त्या कादंबरीतलं चुंबन तेच. ज्याला अहिराणी येत नाही त्याच्या हातून ते सुटेल. म्हणून परक्या मुलखातलं पुस्तक वाचताना तिथली अहिराणी कुठली, हे शोधावं लागतं.

दुसरी जागा: स्पर्श, आणि इथे आपण खानदेशातले वाचक हमखास फसतो. इंग्रजी कादंबरीत एका पुरुषाने दुसऱ्याच्या मनगटाला हात लावला की पानभर वादळ उठतं. आपल्याकडे दोन गडी खांद्यावर हात टाकून आख्खा बाजार फिरतात, एका खाटेवर झोपतात, कुणी वळूनही बघत नाही. मित्राला तर आपण सरळ ‘जोडीदार’ म्हणतो. मग इथल्या कादंबरीत खूण कशी ओळखायची? उलटी. ज्या दिवशी कारकून कंपाउंडरच्या खांद्यावरचा हात काढून घेतो आणि चारचौघांत दोन हात अंतर ठेवून चालू लागतो, त्या दिवशी काहीतरी झालेलं असतं. जो स्पर्श निर्धास्त होता तो आता जपून केला जातो, कारण त्याला अर्थ आलाय. बायकांच्या बाबतीतही तसंच. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या दोघी मैत्रिणी एका झोक्यावर बसतात यात काही नवल नाही. एक जण ‘मी नंतर बसते’ म्हणून बाजूला उभी राहिली, तर त्या वाक्याला खूण करा.

तिसरी जागा: बारीक बघणं. कथा सांगणारा ज्याच्याबद्दल गरजेपेक्षा जास्त तपशील देतो, त्याच्यावर त्याचा जीव आहे. किंवा तो त्याच्यावर नजर ठेवून आहे. कारकुनाला कंपाउंडरच्या सदऱ्याचं तिसरं बटण बदललेलं दिसतं, तो बाटली कुठल्या हाताने उघडतो हे माहीत असतं. प्रियकराचं लक्ष की खबऱ्याचं? चांगला लेखक अडीचशे पानं हे सांगत नाही. तुम्हीही ठरवून टाकू नका. वहीत दोन्ही लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह काढा.

मौनाबद्दल फार लिहिणार नाही. एवढंच, की एखाद्या रात्रीचं वर्णन संध्याकाळपर्यंत येऊन थांबलं आणि पुढचं वाक्य ‘सकाळी’ या शब्दाने सुरू झालं, तर मधली जागा मोकळी नाही.

६. सांगतंय कोण, आणि कुणाला

पहिल्या पुरुषात लिहिलेली कादंबरी असेल तर तीन प्रश्न विचारा: हा माणूस हे कधी सांगतोय, कुणाला सांगतोय, आणि सांगून त्याला काय मिळणार आहे? आपल्या कारकुनाचंच बघा. कादंबरी म्हणजे त्याचा अर्ज आहे असं समजा. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना सुरू केली आणि हा म्हातारा होत चाललेला माणूस आपली १९४४ ची कामगिरी लिहून देतोय. कुणाला? सरकारला. ३७७ तेव्हाही लागू होतं. म्हणजे कंपाउंडरचा उल्लेख तो ‘सहकारी’ असाच करणार, आणि बातमी आपणच फोडली असं ठासून सांगणार, कारण त्यावरच पेन्शन अवलंबून. आता मागे जाऊन त्याचं प्रत्येक वाक्य पुन्हा तपासा. ‘सहकाऱ्याची तब्येत बरी नसल्याने मी रात्री दवाखान्यातच थांबलो’ या सरळ वाक्यात किती जण बसलेत!

असा निवेदक खोटारडा असतोच असं नाही. पुष्कळदा तो खरंच बोलतो, फक्त ज्याला वाचवायचं आहे त्याच्याभोवती भिंत बांधून बोलतो. या जातीच्या पुस्तकात खोट्याचं कारण बहुधा हेच असतं. म्हणून फसवलं गेल्याचा राग आला की जरा थांबा, तो खोटं बोलून कुणाला वाचवतोय ते आधी बघा.

७. मधला धक्का

कुठेतरी मध्यावर जमीन सरकते. आपल्या उदाहरणात: कळतं, की कारकून दर शनिवारी फौजदाराकडे कंपाउंडरची खबर देत होता. अशा वेळी हात आपोआप पुढचं पान उलटायला जातो. उलटू नका. त्या रात्री पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी वही उघडून आधीच्या पाच जागा काढा आणि त्या नव्या डोळ्यांनी वाचा: डाग, अंधार, बटण, दवाखान्यातली रात्र, ‘कसा शे रे’. प्रत्येकासमोर लिहा, हे आता कसं दिसतं. मग पुढे जा. आमच्या गटात नियमच आहे, की मधल्या धक्क्यापर्यंत वाचून थांबायचं आणि त्या रविवारी तिथपर्यंतचंच बोलायचं. जो पुढचं वाचून येतो त्याने त्या दिवशी सगळ्यांसाठी शेवभाजी करायची. शेवभाजी आतापर्यंत तीनदा झाली, आणि तिन्ही वेळा मीच केली.

८. शेवटाबद्दल

‘शेवटी दोघांतलं एक मरतंच ना?’ हा प्रश्न आम्हाला दर वेळी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. विसाव्या शतकात बराच काळ असल्या प्रेमाचा शेवट गोड करणं लेखकाला परवडणारं नव्हतं. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांचंच घ्या. आपल्या आग्रा रोडने सेंधवा, इंदूर करत वर गेलं की देवास लागतं. तिथल्या मराठा महाराजांकडे हे गृहस्थ १९२१ साली खाजगी चिटणीस होते. त्याच्याही आधी, १९१३-१४ मध्ये, त्यांनी दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहिली आणि शेवटी दोघांना जिवंत आणि एकत्र ठेवलं. ती छापली गेली १९७१ साली, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. देवासच्या दरबारात चिटणिशी करताना ती कादंबरी लिहून झालेली होती आणि तिच्याबद्दल फक्त जवळच्यांना ठाऊक होतं. मला ही हकिकतच एखाद्या थरारकथेसारखी वाटते.

हल्लीची पुस्तकं बऱ्याचदा जिवंत ठेवतात. काही वाचकांना ते भाबडं वाटतं, ‘त्या काळात असं शक्य नव्हतं’ म्हणून. मी सहमत नाही. शक्य होतं, पण नोंद राहिली नाही. कारण जे पकडले गेले त्यांचीच कागदपत्रं कोर्टात जमा झाली, जे निभावून गेले त्यांनी कागद ठेवलाच नाही. शेवट सुखाचा की दुःखाचा, यापेक्षा तो आधीच्या पानांतून उगवला आहे का ते बघा. मरण केवळ वाचकाचे डोळे ओले करायला आणलं असेल तर राग जरूर यावा.

९. घरात आणि गटात

एकत्र कुटुंबात पुस्तक लपत नाही. ‘काय वाचतेस गं?’ असं काकूने विचारलं तर मी ‘१९४४ सालची खजिन्याच्या लुटीची गोष्ट’ असं सांगते. त्यात काही खोटं नाही. काकूला लूट आवडली, मग तिने उरलेलंही विचारलं, आणि आता ती माझ्याआधी पुस्तक संपवते. सगळ्यांच्या काकू अशा नसतात हे मला माहीत आहे. ज्यांना अडचण आहे त्यांनी मोबाइलवर वाचावं, नाहीतर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालावं. शाळेत आपण घालायचोच.

गट करायचा असेल तर चार-पाच जणांपेक्षा मोठा नको. आमच्यासारख्या गावांत कोण कुणाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून एक गोष्ट पहिल्याच दिवशी बोलून घ्या: तुला हे पुस्तक का आवडतं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. बोलावंसं वाटलं तर माणूस आपणहून बोलेल, आणि बोलला तर ते गच्चीचा जिना उतरून खाली जाणार नाही. पुस्तकातल्या फौजदाराला नावं ठेवायची आणि बाहेर आपणच खबऱ्या व्हायचं, हे चालणार नाही.

१०. आठ दिवसांनी

पुस्तक संपलं की लगेच दुसरं धरू नका. आठ दिवस जाऊ द्या, मग पहिली तीस पानं पुन्हा वाचा. संपूर्ण नाही, तीसच.

मी टाकून दिलेलं ते पुस्तक आम्ही गेल्या पावसाळ्यात गटात घेतलं. संपल्यावर आठ दिवसांनी आमच्यातल्या एकाने पहिली तीस पानं मोठ्याने वाचली. बंदरावर उतरलेला माणूस, भाड्याची खोली, पहिला चहा, दुसरा चहा, तिसरा. तिसऱ्या चहापाशी तो थांबला आणि म्हणाला, ‘इथे टेबलावर कप एकच आहे.’ आम्ही चौघांनी आपापली पानं उघडली. पहिल्या दोन वेळेला लेखकाने दोन कप मोजून ठेवले होते. तिसऱ्या वेळी एकच. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, जी आमच्यातल्या एकालाही आठवत नव्हती, घरमालकीण ट्रे उचलून कप विसळायला घेऊन गेली होती.